इंदूरला नवीन आलात? आजारी जनावर, भटकं कुत्रं, खराब मटण: कोणतं काम कोणत्या दारात होतं

पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून इंदूरला आलेल्या लोकांचा पहिला घोळ ठरलेला असतो. तिकडे महापालिका म्हटलं की बरंच काही तिथेच होतं अशी सवय असते, म्हणून इथे घरचं कुत्रं आजारी पडलं तरी नगर निगमला फोन, गल्लीत गाय मेली तर जनावरांच्या दवाखान्याला फोन, आणि रविवारच्या चिकनला वास आला तर कोणालाच फोन नाही, गपचूप डस्टबिनमध्ये. मी रामबागेतली, जन्मापासून इथेच, आणि मोहल्ल्यात नवीन मराठी कुटुंब आलं की हे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

आधी एवढं डोक्यात बसवा की दारं तीन आहेत. जिवंत जनावराचं आजारपण, लस, गाभण राहणं, कानातला बिल्ला हे सगळं राज्य सरकारच्या पशुपालन विभागाचं काम, जिल्ह्याला त्यांचे उपसंचालक असतात आणि खाली दवाखाने. रस्त्यावरचं सगळं, म्हणजे भटकी कुत्री, मोकाट गाई, मेलेलं जनावर, मटणाच्या दुकानाची जागा आणि घाण, कत्तलखाना, हे नगर निगमचं. आणि ताटात येणारी वस्तू खाण्यालायक आहे की नाही हे बघणारा खाद्य सुरक्षा अधिकारी वेगळा, तो निगमचा नसतो, राज्याच्या खाद्य आणि औषध प्रशासनाचा असतो. चुकीच्या दारात गेलात तर कोणी ओरडत नाही, इंदुरी माणूस "भिया बैठो" म्हणून खुर्ची पण देईल, फक्त काम तिथल्या तिथे राहतं.

पहिली पायरी, सामान लावून झालं की लगेच करा

आपला वॉर्ड नंबर आणि झोन माहीत करून घ्या. शहरात 85 वॉर्ड आहेत, घरमालकाच्या संपत्तीकराच्या पावतीवर दोन्ही लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा कारण निगममध्ये पहिला प्रश्न तोच येतो. मग मोबाईलमध्ये तीन गोष्टी: जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962, सीएम हेल्पलाईन 181, आणि निगमचं इंदूर 311 हे अ‍ॅप. अ‍ॅपवर फोटो आणि लोकेशन टाकून तक्रार जाते, आणि खरं सांगायचं तर सफाईच्या बाबतीत हे शहर तक्रार मनावर घेतं, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर आहे त्याची इज्जत सांभाळायची असते सगळ्यांना. मेलेलं जनावर उचलायला तर हेच अ‍ॅप वापरा, दवाखान्याचे डॉक्टर त्यासाठी येत नाहीत.

घरात कुत्रा-मांजर असेल तर

सरकारी पशू दवाखाना सकाळी गाठा. पर्चा म्हणजे केसपेपर बनतो, नाममात्र पैसे लागतात, जुनं लसीचं कार्ड असेल तर न्या, पुण्यातल्या डॉक्टरने काय दिलं होतं ते तोंडी सांगून चालत नाही. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि मग दरवर्षी. ह्या लसीच्या सर्टिफिकेटची एक कॉपी वेगळी ठेवा, निगममध्ये पाळीव कुत्र्याचं रजिस्ट्रेशन करताना लागते.

सर्जरी, एक्स-रे, न समजणारा ताप असं काही असेल तर माझं मत स्पष्ट आहे, थेट महूला जा. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 चं आहे, त्याला जोडून दवाखाना आहे. वेळ जातो, तुमच्या कुत्र्याभोवती पाच-सहा विद्यार्थी घोळका करून उभे राहतात आणि एकच प्रश्न दोनदा विचारतात, पण शेवटी हात लावणारा माणूस शिकवणारा असतो, आणि हे शहरातल्या चकचकीत क्लिनिकमध्ये प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही.

गाय, म्हैस, शेळी असेल तर

शहराच्या आत गोठा ठेवायचा विचार आधी सोडून द्या, स्वच्छतेच्या मोहिमेत निगमने गोठे शहराबाहेर काढायला लावले. राऊ, सांवेर, देपालपूर, हातोद अशा बाजूला जागा घेऊन जनावरं ठेवणारे बरेच मराठी लोक आहेत, हे त्यांच्यासाठी.

1962 ही फिरत्या दवाखान्याची सेवा, मध्य प्रदेशात मे 2023 मध्ये 406 गाड्या घेऊन सुरू झाली, गाडीत डॉक्टर, एक सहायक आणि ड्रायव्हर असतात. घरी येण्याची ठरलेली फी आहे, ती फोनवरच विचारून घ्या आणि पावती मागा. फोन सकाळी लवकर करा, कारण गाडी एकेका गावाला जात जात येते, दुपारी तीनला फोन करून चारला गाडी पाहिजे म्हटलं तर कसं जमेल. आणि "मॅडम गाय बिमार है, जल्दी भेजो" एवढ्यावर पलीकडच्या माणसाला काही कळत नाही. फोन लावायच्या आधी हे बघून ठेवा: वय किती, गाभण आहे का आणि कितवा महिना, चारा कधीपासून सोडला, रवंथ करतेय का, शेण-लघवी कशी होतेय, डाव्या बाजूने पोट फुगलंय का. शेणाच्या जागेतून थर्मामीटर लावून ताप घेता आला तर फारच छान, गाईचा 101-102 फॅरनहाइट नॉर्मल धरतात, माणसाच्या हिशोबाने घाबरू नका. पोट फुगून गाय धापा टाकत असेल तर ते आधी सांगा, कारण त्यात तास-दोन तास पण फार होतात. शेवटी कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर.

बिल्ला नसेल तर लावून घ्या, हा सरकारी रेकॉर्डमधला जनावराचा आधार आहे, लस, कृत्रिम रेतन सगळं त्या नंबरवर चढतं. लाळ्या-खुरकूतची लस (इथे खुरपका-मुंहपका म्हणायचं, नाहीतर समोरचा बघत राहतो) 2019 पासूनच्या केंद्राच्या कार्यक्रमात फुकट मिळते, दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याच्या आधी. शेळ्यांना पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची. ब्रुसेलाची फक्त कालवडीला किंवा पारडीला, वय चार ते आठ महिने, आयुष्यात एकदाच, तो काळ निघून गेला की गेला. ही लस लोक सोडून देतात कारण आजार दिसत नाही, पण गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे गर्भ पडला, आणि तुम्ही उघड्या हाताने वार (जार) काढली की तो ताप माणसाला लागतो, महिनोन्महिने येतो-जातो, आणि डॉक्टर मलेरिया टायफॉईड शोधत बसतात. हातमोजे घाला, वार खोल पुरा, दूध उकळल्याशिवाय घरातल्या कोणाला देऊ नका.

आता एक प्रश्न जो जवळपास कोणीच डॉक्टरला विचारत नाही: इंजेक्शन दिलं, आता दूध किती दिवस विकायचं नाही? अँटिबायोटिकच्या लेबलवर ते लिहिलेलं असायला हवं, आणि जिथे लिहिलेलं नसेल तिथे नियमाप्रमाणे दूध आणि अंड्यासाठी कमीत कमी 7 दिवस, मांसासाठी 28 दिवस धरायचे. उकळून औषध जात नाही. पर्च्यावर तारीख लिहून घ्या. शेळी आजारी होती, दोन इंजेक्शनं मारली, बरी होत नाही असं दिसलं की खाटकाला विकून टाकली, असं गावोगाव होतं, आणि तेच मटण रविवारी आपल्या कुकरमध्ये येतं.

दुसऱ्या राज्यातून किंवा हाटातून गाय-बैल आणताना खरेदीची पावती, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि बिल्ल्याचा नंबर गाडीत हातात ठेवा. मध्य प्रदेशात गोवंश हत्या प्रतिबंधक कायदा 2004 चा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, रस्त्यात अडवलं तर कागदच बोलतो. एका मालवाहू ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाई-बैल भरायचे नाहीत हा केंद्राचा नियम आहे, ट्रकवाला नऊ बसतील म्हणाला तरी ऐकू नका.

रस्त्यावरचं प्रकरण

कुत्रं चावलं तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून, मिरची चुना हळद काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हुकुमचंद पॉलिक्लिनिकला सगळे लाल हॉस्पिटल म्हणतात, रिक्षावाल्याला तेच नाव सांगा. कातडीत देतात त्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. तिसऱ्या डोसनंतर लोक विसरतात.

गल्लीतली कुत्री उचलून लांब कुठेतरी सोडा अशी तक्रार केलीत तर उत्तर नाही असंच येईल, आणि ते बरोबर आहे. 2023 च्या नियमाप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन ह्यांच्या आवारातली मात्र परत तिथे सोडायची नाहीत असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं. तर 311 वर "नसबंदी झालेली नाही, कान कापलेला नाही" असं लिहा, नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते ती बघून घ्या. नुसतं "कुत्र्यांचा त्रास" लिहिलेल्या तक्रारीचं काही होत नाही.

मेलेले पक्षी दिसले, एखादा कावळा नाही, एकाच जागी अनेक, तर हात न लावता निगम आणि पशुपालन दोघांनाही कळवा. हे उगाच सांगत नाहीये. डिसेंबर 2020 च्या शेवटी डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडायला लागले, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि एच5एन8 बर्ड फ्लू निघाला, मग जानेवारीभर शहरात चिकनची दुकानं ओस पडलेली. नीट शिजवलेल्या चिकनने तो होत नाही, 70 डिग्रीला विषाणू मरतो, पण तेव्हा कोण ऐकतंय.

आता मटण

इथे थोडं थांबूया कारण नवीन माणसाला वाटतं की सरकारी तपासणी म्हणजे कोणीतरी दुकानात येऊन वजनकाटा बघून जातो. खरी तपासणी दुकानाच्या आधी असते. 2001 च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे जनावर परवानगी असलेल्या कत्तलखान्यातच कापायचं, गाभण किंवा तीन महिन्यांच्या आतलं कापायचं नाही, आणि आधी पशू डॉक्टरने तपासून फिट म्हटलं पाहिजे. एका डॉक्टरने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत हे पण नियमात आहे. तपासलेल्या जनावराला 24 तास विश्रांती. हे दयेपोटी आहेच, पण दमलेल्या, घाबरलेल्या जनावराचं मांस लवकर खराब होतं हे पण आहे.

जिवंत असताना डॉक्टर बघतो की ते चालतं कसं, श्वास कसा घेतं, नाकातून काय येतं, ताप आहे का. कापल्यावर गाठी चिरून बघतात, फुफ्फुस, काळीज (म्हणजे लिव्हर), हृदय दाबून बघतात. डुकराची जीभ बघतात, टेपवर्मचे दाणे तिथे सापडतात. शेळीच्या काळजात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निघाल्या तर तो भाग फेकायचा. आणि तो कुठे फेकायचा ह्यावर सगळा खेळ आहे, कारण त्या गाठी गल्लीतल्या कुत्र्याने खाल्ल्या की कुत्र्याच्या पोटात बारीक जंत होतात, त्याच्या विष्ठेतून अंडी चाऱ्यावर, भाजीवर, मुलांच्या हाताला, आणि मग तीच पाण्याची गाठ माणसाच्या काळजात. म्हणजे दुकानदाराने आतडी-काळीज मागच्या नाल्यात टाकणं हा निव्वळ वासाचा प्रश्न नाही. अशा दुकानाचा फोटो 311 वर टाकायला अजिबात संकोच करू नका.

सगळं ठीक असेल तर धडावर खाण्याच्या शाईने ठप्पा मारतात. दुकानात टांगलेल्या बोकडाच्या मांडीवर, पाठीवर तो शोधा. सापडला नाही तर विचारा, "ठप्पा कहाँ है भिया?" बरेच छोटे दुकानदार मागेच कापतात, ते हसतील, एखादा चिडेल. पण जो दुकानदार शांतपणे वळवून ठप्पा दाखवतो त्याच्याकडेच मी वर्षानुवर्षं जाते, दहा-वीस रुपये जास्त घेतो, घेऊ दे.

डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने उघड्यावर मांस-मासे विकण्यावर बंदीची सक्ती केली, तेव्हापासून दुकानांना काच किंवा पडदा आला. नवीन लोक पडदा बघून म्हणतात वा, काय स्वच्छ दुकान. पडद्याने फक्त रस्त्यावरून दिसायचं बंद होतं, आत जाऊन लाकडाचा ओंडका बघा, काळा पडलेला, खाचांमध्ये जुनं मांस अडकलेलं असेल तर तिथून मटण घेऊ नका. पाणी नळाचं आहे की बादलीतलं एकच दिवसभर, सुरी पुसायचा फडका कसा आहे. भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, 14 आकडी नंबर असला पाहिजे, 1 ने सुरू होत असेल तर लायसन्स, 2 ने सुरू होत असेल तर छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन, तो नंबर फॉस्कॉस ह्या त्यांच्याच लायसन्सच्या साइटवर टाकला की नाव आणि मुदत दिसते. दुसऱ्याच कोणाचा नंबर फ्रेम करून लावलेला असतो कधीकधी.

मटण हाताला दाबलं की खड्डा भरून यायला हवा, चरबी पांढरी, बोटाला चिकट बुळबुळीत लागायला नको. चिकन समोर कापून घेत असाल तर कापायच्या आधी पिंजऱ्यात बघा, कोपऱ्यात मान टाकून बसलेली, तुरा निळसर पडलेली कोंबडी दाखवली तर दुसरी मागा. मासे, तर कोकणातल्या लोकांना इथे वाईट वाटणारच, समुद्र लांब, सगळं बर्फात येतं, कल्ले लाल आणि डोळे भरलेले असतील तर घ्या नाहीतर त्या दिवशी डाळ-बाफला करा.

महावीर जयंती, गांधी जयंती अशा दिवशी दुकानं बंद असतात, निगम आधी जाहीर करतं, पेपरमध्ये येतं. बंदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घाईने जाऊ नका, परवाचं उरलेलं आधी खपवतात.

घरी आल्यावर फार काही नाही. मालव्यातला मे महिना, दुकानातून निघाल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, वाटेत सराफ्याच्या खाऊगल्लीत थांबायचं नाही. चिकन धो धो नळाखाली धुवू नका, शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर उडतात आणि जंतू तिथे बसतात. पाट आणि सुरी वेगळी.

तक्रार करायची असेल तर

दुकान घाण, कचरा नाल्यात, उघड्यावर कापतात: निगम, म्हणजे 311. मांस सडलेलं, भेसळ, खाऊन घरातले आजारी पडले: खाद्य सुरक्षा अधिकारी. उरलेला तुकडा फेकू नका, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, बिल किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट ठेवा, डॉक्टरचा पर्चा ठेवा. अधिकारी स्वतः नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो, आणि विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. तुम्ही स्वतः पैसे भरून पण तपासून घेऊ शकता, 2006 च्या कायद्यात कलम 40 तेच आहे, आणि माल खराब निघाला तर फी परत मिळते, पण अट अशी की विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हे मी तपासायला देणार आहे. घरी नेऊन, शिजवून, मग आठवण झाली तर ते कलम कामाचं नाही, फ्रीझरमधला तुकडा अधिकाऱ्याला फक्त कुठे बघायचं ते दाखवायला.

आठवडा गेला, काही झालं नाही, तर 181. सरकारच्या कुठल्याही विभागाची तक्रार तिथे होते, मराठी ऐकून ते गोंधळतात, हिंदीत बोला. नंबर मिळतो तो लिहून ठेवा. तक्रार आधी एल1 म्हणजे खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, मुदतीत सुटली नाही की एल2, एल3, करत करत एल4 पर्यंत चढते, आणि वर चढलेली कोणालाच नको असते, म्हणून मधेच एखादा गोड फोन येतो की मॅडम काम हो गया, शिकायत बंद करवा दीजिए. काम झालेलं नसेल तर फोनवर हो म्हणू नका, आधी दुकानापर्यंत जाऊन बघून या.